पाच स्वर, दोन राग आणि एक फॉरवर्ड

एक फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. त्याचा गोषवारा असा: गाण्यांतली गुंतागुंत घटत चाललीय हे विज्ञानाने सिद्ध केलंय, जितकी गुंतागुंत जास्त तितकं संगीत वरच्या दर्जाचं, चार कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या चार गुच्छांचं) गाणं काय, कुणीही करेल, सबब आजचं संगीत टुकार आणि ते आवडणाऱ्यांचे कान कच्चे. कानांचं राहू द्या, बाकीचं बघू.

आधी विज्ञान. २०१२ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात १९५५ ते २०१० या काळातली ४,६४,४११ ध्वनिमुद्रणं तपासली होती. स्वरांच्या एकातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटा आक्रसल्या, नादाचा पोत एकसारखा होत गेला आणि गाणी अधिकाधिक मोठ्या आवाजात मुद्रित होऊ लागली, असं त्यात दिसलं. दर्जा मोजायचं माप त्यात नव्हतंच. 'टुकार' हे वरून चिकटवलेलं लेबल आहे.

आता 'गुंतागुंत जास्त तितका दर्जा वरचा'. खरा घोळ इथे आहे. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत तेच पाच स्वर: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. स्वर मोजणाऱ्याला दोन्ही राग एकच वाटतील. पण भूपाचा जीव गंधारात; 'सा रे ग' करत गायक तिथे येऊन टेकतो. देशकार धैवतावर उभा, वावर उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात), रिषभ नुसता ओझरता. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, दुसरा सकाळी. देशकार गाताना गंधारावर जरा जास्त रेंगाळलात की भूप डोकावतो आणि पुढे बसलेला जाणकार चुळबुळ करू लागतो. त्या रेंगाळण्याची नोंद स्वरांच्या बेरजेत कुठे करणार?

दुसरं उदाहरण जॅझमधलं. मार्च १९५९ मध्ये जॉन कोल्ट्रेनने माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'मध्ये सॅक्सोफोन वाजवला. ३२ बारचं (मात्रांच्या ३२ गटांचं) चक्र आणि सगळ्यात मिळून दोनच मोड (आपल्या थाटांसारखे स्वरसंच). त्याच वर्षी मे महिन्यात त्याने स्वतःचं 'जायंट स्टेप्स' मुद्रित केलं, त्यात कॉर्ड दम न खाता बदलतात आणि तीन स्केलांत उड्या मारतात. फॉरवर्डच्या हिशेबाने हा माणूस दोन महिन्यांत कच्च्याचा पक्का झाला म्हणायचा.

'साधं म्हणजे कुणालाही जमेल.' स्टीव्ह राइशची १९७२ मधली 'क्लॅपिंग म्युझिक' ही रचना बघा. दोन माणसं, नुसत्या टाळ्या. १२ मात्रांचा एकच ठेका: तीन टाळ्या, एक मात्रा रिकामी, दोन, रिकामी, एक, रिकामी, दोन, रिकामी. एकजण हे तसंच धरून ठेवतो. दुसरा काही आवर्तनं झाली की एक मात्रा सरकतो, आणि असं १२ वेळा सरकून पुन्हा पहिल्याला येऊन मिळतो. कागदावर ठेका एका ओळीत मावतो. जोडीदार घेऊन करून बघा. पहिल्याच सरकण्याला हात समोरच्याच्या ठेक्यामागे पळतो. मी दोनदा प्रयत्न केला, पुढचं विचारू नका. शिवाय ही रचना साधी की गुंतागुंतीची, हे त्या फॉरवर्डवाल्यांनी एकदा ठरवून सांगावं.

गुंतागुंत हेच माप धरलं तर स्टेशन न लागलेल्या रेडिओची खरखर पहिला नंबर पटकावेल, कारण तिच्यात पुढे काय येणार याचा काही अंदाजच बांधता येत नाही. इआनिस झेनाकिस स्वतः गणित वापरून संगीत रचणारा. १९५५ मध्ये त्यानेच सीरियल संगीतावर (आधीच ठरवलेल्या स्वरक्रमावर बेतलेल्या रचनांवर) आक्षेप घेतला होता की त्यातल्या एकमेकींत गुंतलेल्या स्वररेषा आपल्याच गुंतागुंतीपायी कोसळतात आणि कानावर पडतो तो नुसता स्वरांचा ढीग.

तरी फॉरवर्डमागची चीड अगदीच खोटी नाही. काही गाणी तिसऱ्यांदा ऐकताना त्यांत शोधण्यासारखं काही उरत नाही, आणि बाखच्या फ्यूगमध्ये (एकच धून अनेक आवाजांत पाठोपाठ गुंफलेल्या रचनेत) विसाव्यांदाही एखादी नवी वाट सापडते. हा गुंतागुंतीचा फायदा मला मान्य आहे. पण त्या अभ्यासातली मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे: वाढत गेलेला आवाज. पहिल्या सेकंदापासून किंचाळणारं गाणं चार कॉर्डचं असो की चाळीस, कान थकवतंच. फॉरवर्डमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.