उंदराचा पंजा वेगळा, म्हातारीचा गुडघा वेगळा
'निर्गुडीच्या अर्काने उंदरांची सूज उतरली, म्हणजे संधिवातावर औषध सापडलं' हे निर्गुडीवरच्या एका लेखातलं विधान फारच घाईचं आहे. एम.फार्म.ला धुळ्यात आम्हीही हेच करायचो: पंजात सूज आणणाऱ्या कॅरेजिननचं इंजेक्शन, मग दर तासाला तो पंजा प्लेथिस्मोमीटरच्या (सूज मोजायच्या यंत्राच्या) नळीत खुणेपर्यंत बुडवायचा. (उंदीर स्थिर राहील तर शपथ!) ही सूज 3 ते 5 तासांत टिपेला पोचते. संधिवात वर्षानुवर्षं छळतो. त्यासाठी संधिवातासारखी दीर्घकाळची सूज आणणाऱ्या फ्रॉइंड अ‍ॅडज्युव्हंटची, काही आठवडे चालणारी चाचणी असते. तिचा लेखात उल्लेखच नाही.

शिवाय लेखातला अर्क मिथेनॉल या द्रावकातला, तोही तोंडावाटे दिलेला. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी निर्गुडीच्या पाल्याला एरंडेल लावून, तव्यावर गरम करून तो गुडघ्याला बांधतात. त्या शेकाचा गुण या प्रयोगाच्या खात्यात कसा जमा करायचा?