किटोत ‘शुगर फ्री’ कितीही चालतं, हे खरं नाही

आपल्या यवतमाळकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘किटो करणाऱ्यांनी चहात शुगर फ्री कितीही टाका, कर्ब शून्य. नाहीतर गूळ टाका, तो नैसर्गिक आहे.’ किटो म्हणजे कर्ब (साखर-पिठातली कर्बोदकं) अगदी कमी ठेवणारा आहार. मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

गुळाच्या १० ग्रॅमच्या खड्यात सुमारे ९ ग्रॅम साखरच असते. किटोत दिवसभराचे कर्ब साधारण २० ते ५० ग्रॅम. म्हणजे दोन कपांतच बराच वाटा संपला.

आता शुगर फ्रीची पुडी. सुक्रालोज, स्टीव्हिया या तिच्यातल्या गोडव्यांत कर्ब जवळपास नसतात, हे खरं. पण ते इतके गोड की चिमूटही जास्त होते, म्हणून अनेक पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज भरतात, आणि ते कर्बच. अशा एक ग्रॅमच्या पुडीत जवळपास एक ग्रॅम! दिवसाला सहा चहा घेणाऱ्या भावांनी हिशेब करावा. बारीक गोळीत हे प्रमाण नगण्य. ॲस्पार्टेम या गोडव्याची गोळी मात्र उकळत्या चहात नको, गोडवा जातो, कपात टाका. शुगर फ्री बिस्किटात तर मैदा तसाच असतो.

निव्वळ वजनासाठी असे गोडवे वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सुचवलं. आधीच मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही.

खरी काळजी त्यांचीच वाटते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) चालू असताना भाकरी-भात एकदम सोडला तर रक्तातली साखर फार खाली येऊ शकते. वावरात एकट्या माणसाला घेरी आली तर कोण पाहणार? भाकरी सोडण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.