‘कपाळाचं हाड आता तुटत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

मावसभावाच्या कपाळावर चेंडू बसला. भुवईच्या वर खोक पडली, टाके घातले, घरी आला. दुसऱ्या दिवशी बुटाची नाडी बांधायला वाकला तर एकाच नाकपुडीतून टपटप पाणी. मावशीने फोन केला तो घरच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवायला. त्यात असं होतं: कपाळाचं हाड चेहऱ्यात सर्वांत मजबूत, सीट बेल्ट आणि एअरबॅग आल्यापासून ते तुटणं बंद झालंय, मार लागल्यावर नाक गळलं तर ती सर्दी, जोरात शिंकरा, सीटी स्कॅन केलात की डॉक्टर कवटीच उघडणार.

आधी नाकाचं, कारण यात जीव जाऊ शकतो. भुवयांच्या मागे हाडात हवेची पोकळी असते, फ्रंटल सायनस. तिची पुढची भिंत जाड, मागची पातळ, आणि त्या पातळ भिंतीला लागूनच मेंदूचं आवरण. मागची भिंत तडकून आवरण फाटलं की मेंदूभोवतीचं पाणी सायनसमधून नाकात उतरतं. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं, वाकल्यावर वाढतं, घशात उतरलं तर खारट लागतं. ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत जाऊ शकतात आणि मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग, होऊ शकतो. अशा वेळी जोरात शिंकरलं तर हवा थेट कवटीत शिरू शकते. आणि हा मेसेज सांगतो, शिंकरा! कोण लिहितं हे?

हाड मजबूत आहे, मान्य. चेहऱ्याच्या इतर हाडांपेक्षा ते तुटायला जास्त जोर लागतो. म्हणूनच ते तुटलं असेल तर मार किती मोठा होता ते समजा, आणि डोळे, मेंदूही तपासून घ्या.

बेल्ट-एअरबॅगचं अर्धं खरं आहे, तेही मान्य करतो. गाडीतल्या माणसाच्या चेहऱ्याच्या जखमा त्यांनी कमी आणि सौम्य केल्या. पण जिन्यावरून पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला, ठोसा खाणाऱ्याला, खेळाडूला एअरबॅग कुठून मिळणार? शिवाय साध्या एक्स-रेत निसटणाऱ्या बारीक तडा सीटी स्कॅनमध्ये दिसतात. त्याही मोजल्या जाऊ लागल्याने एकूण दुखापती सौम्य वाटू लागल्या, हेही एक कारण आहे.

राहिलं कवटी उघडणं. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रॉमा सेंटरने (गंभीर जखमींच्या रुग्णालयाने) फ्रंटल सायनसचं हाड तुटलेल्या 26 वर्षांतल्या 857 रुग्णांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध केला. 504 जणांचं ऑपरेशन झालं, 353 जणांना नुसतं देखरेखीखाली ठेवलं. देखरेखीतल्यांपैकी 3.1 टक्के लोकांनाच गुंतागुंत झाली. ऑपरेशनवाल्यांत ती 10.4 टक्के होती, पण मुळात जास्त लागलेलेच तिकडे जाणार. महत्त्वाचं पुढे आहे: गुंतागुंत झालेल्यांत एक रुग्ण सोडून सगळ्यांची सायनसमधून नाकात निचरा होणारी वाट दुखावलेली होती. ती वाट शाबूत आहे का, हे बघायलाच तर स्कॅन लागतो! ती बुजली तर आत चिकट स्राव साचत जातो, हाड पोखरतो, आणि त्रास कित्येक वर्षांनी वर येतो.

भावाचा स्कॅन त्याच संध्याकाळी झाला. मागच्या भिंतीला बारीक तडा, निचऱ्याची वाट मोकळी. डोकं उंच ठेवून पडून राहायचं, शिंकरायचं नाही, एवढंच सांगितलं. पाणी पाचव्या दिवशी थांबलं. टाके निघाले, तरी तपासणीच्या तारखा चालूच राहणार आहेत, आणि प्रत्येक तारखेला मी त्याच्यासोबत जाणार आहे.