घाट कोणी फोडला?

आज कर्जतला गाडी थांबली, मागे बँकर, म्हणजे घाट चढायला मागून ढकलणारं इंजिन, लागताना बसतो तो ओळखीचा धक्का बसला आणि समोरचा तरुण मित्राला म्हणाला, "साहेबाने रेल्वे दिली म्हणून आपण माणसात आलो." लोणावळ्यापर्यंत गप्प बसले. घरी आल्यावरही चैन पडेना, म्हणून लिहितेय.

माझे आजोबा याच भोर घाटात गँगमन होते, ठाकूरवाडीच्या बाजूला. पावसाळ्यात रात्री हातात कंदील, पिशवीत फटाके. दरड दिसली की रुळावर चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे ते फटाके लावायचे आणि लाल दिवा घेऊन गाडीच्या दिशेने पळायचं. आजी जागीच असायची. गाडीचा आवाज घाट चढून गेला की म्हणायची, "गेली बाई नीट," आणि मगच आडवी व्हायची.

दिली म्हणे! कोणाच्या पैशाने? रेल्वे कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. तेवढा नफा झाला नाही की भरपाई आपल्या करातून. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरावर न्यायचा होता, पलटणी हलवायच्या होत्या. आपल्या सोयीचा विचार कोणी केला होता? १८५६ ते १८६३ हा भोर घाट फोडताना हजारो मजूर पटकीने, तापाने, अपघातांत गेले. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिसबाईंनी काम हाती घेतलं. बाई धीराच्या, त्यांचं नाव राहिलं ते बरंच झालं. पण त्या हजारोंपैकी एकाचं तरी नाव सांगा मला!

आराखडा साहेबाचा, मान्य. ३७ फुटांना एक फूट चढ बसवायला अक्कल लागते.

पण पुढे परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपांत फिटर, टर्नर कोण झालं? गिरण्यांत राबायला घाटावरून गाडी भरून कोण गेलं? आमच्या घरात घड्याळ नव्हतं. दुपारची गाडी गेली की आजी चहाचं आधण ठेवायची. आजोबा सांगायचे, रूळ रोज बघावा लागतो, नाही बघितला तर तो सांगत नाही, एकदम सोडतो. दीडशे वर्षांहून जास्त काळ कोणीतरी रोज बघतंय, म्हणून घाट चालू आहे.

त्या मुलावर राग नाही आता. उतरताना त्यानेच माझी बॅग वरून काढून दिली. त्याला हे कोणी सांगितलंच नसणार. मी तरी कुठे सांगितलं? तासभर समोर बसून होते.

आजोबांचा कंदील माळ्यावरून काढलाय. काच तडकलीय, वातीची पट्टी अजून फिरते. बाहेर पाऊस लागलाय. आत्ताही कोणीतरी बॅटरी घेऊन बोगद्याच्या तोंडाशी चालत असेल. आजी नाही. गाडीचा आवाज मीच ऐकत बसलेय.