कामाची जागा पण आरक्षित करा की

मुंबईचा एलबीएस मार्ग ज्यांनी जुना बघितलाय त्यांना सांगायला नको, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कंपन्याच कंपन्या होत्या, कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी बनायची, भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून जायचा. आता बहुतेक ठिकाणी टॉवर नाहीतर मॉल. टॉवरला माझा विरोध नाही, लोकांना घरं पाहिजेतच. पण त्या जागेवर जे काम चालायचं ते कुठे गेलं, हे कुणी विचारतच नाही, आणि मला त्याचाच राग येतो.

आमच्या भांडुपमधली एक गाळ्यांची इस्टेट सांगते. खाली एका गाळ्यात पॉवर प्रेसवर पत्र्याचे ब्रॅकेट निघायचे, ते हातगाडीवरून दोन गाळे सोडून प्लेटिंगला, म्हणजे मुलामा चढवायला जायचे, तिथून वरच्या मजल्यावर बायका गेज लावून एकेक पीस चेक करायच्या, चार स्क्रू आणि दोन ब्रॅकेट असं पाउच भरून सील करायच्या आणि संध्याकाळी टेम्पो सुटायचा. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, तुटली तर कोपऱ्यावरचा टूलरूमवाला रात्रीतून दुरुस्त करून द्यायचा. ही सगळी एक साखळी असते हो. प्लेटिंगवाल्याचा गाळा बिल्डरने घेतला, तो वसईला वालीवला गेला. मग माल तिकडे पाठवा, टेम्पोचं भाडं, घोडबंदरचं ट्रॅफिक, शेवटी प्रेसवाला पण वैतागून तिकडेच गेला. आणि त्या बायका? भांडुपहून दादर, दादरहून वसई, पुढे शेअर रिक्षा, आणि शाळा सुटायच्या आत घरी परत, कसं जमणार? काहीजणी आता टॉवरमध्ये हाउसकीपिंगला आहेत. कुठलंच काम कमी नाही, पण नजरेने माल पास-रिजेक्ट करणारी बाई फरशी पुसतेय, हे त्या हाताचं नुकसान आहे आणि शहराचं पण.

मालकाला शिव्या देऊन उपयोग नाही. घराचा स्क्वेअर फुटाचा भाव गाळ्याच्या कितीतरी वर, तो विकणारच. म्हणून तर प्लॅन असतो ना! बागेची, शाळेची जागा बाजारभावात टिकणार नाही म्हणूनच आपण ती डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, आरक्षित करतो. मग कामाच्या जागेला हाच न्याय का नाही?

गिरण्यांच्या वेळी पण हेच झालं. १९९१ च्या नियमात गिरणीची जमीन ढोबळमानाने तीन हिश्शांत वाटायची होती, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून जी मोकळी होईल ती वाटणीत नाही, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. त्यावर एवढं भांडण झालं, आणि व्हायलाच पाहिजे होतं, पण मूळ नियम बघा, कामधंद्यासाठी जमिनीचा वेगळा वाटा त्यातही नव्हता. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले होते त्या गिरणगावाची ही गोष्ट.

आणि आता खरी मेख ऐका. डीपीतलं बागेचं आरक्षण बदलायचं तर एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते, लोकांना हरकती द्यायला एक महिना मिळतो. पण इंडस्ट्रियल झोनमधल्या जागेवर घरं बांधायची तर आयुक्तांची परवानगी पुरते. कामगारांची देणी थकलेली नाहीत असं लेबर कमिशनरचं पत्र लागतं, थोडी जागा बागेबिगेसाठी सोडावी लागते, झालं. कामगाराचा हिशोब चुकता झाला, पण त्याच्या पोरांनी उद्या काम कुठे करायचं?

माझं म्हणणं साधं आहे. जिथे गाळे पाडून टॉवर होतील तिथे बांधकामाचा ठरावीक हिस्सा परत गाळेच असावेत, छोटे, थ्री फेज लाइन, मालाची मोठी लिफ्ट, मशीनचं वजन पेलेल असा स्लॅब, आणि ते पालिकेच्या मालकीचे ठेवून फक्त भाड्याने द्यायचे, विकायचे नाहीत, नाहीतर पाच वर्षांत तिथे जिम आणि कॅफे होतील. सिंगापूरमध्ये जेटीसी ही सरकारी संस्था असे बहुमजली कारखाने बांधून भाड्याने देत आलीये. आपल्याकडे पण अंधेरी, लोअर परळला मजल्यावर मजले गाळ्यांच्या इस्टेटी कधीपासून उभ्या आहेतच की. प्रदूषण म्हणाल तर अॅसिडची, भट्टीची कामं वस्तीतून हलवा, माझी पण तीच मागणी आहे. पण पॅकिंग, शिलाई, असेंब्ली, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, यांनी कुणाचं काय बिघडतं?

धारावीत कुंभारवाडा आहे, चामड्याचं काम आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या जमिनी आहेत, दारूखान्यात जहाजं तोडायचं काम चालत आलंय. अशा जागांच्या प्रत्येक नवीन प्लॅनमध्ये किती घरं ते आधी सांगतात, किती गाळे ते पण तेवढ्याच ठळक अक्षरात सांगा.

आणि तोपर्यंत निदान एवढं करा, इस्टेट पाडून घरं बांधायचा अर्ज आला की गेटवर बोर्ड लावा, आत किती गाळे, किती माणसं कामाला ते लिहा आणि एक महिना हरकती घ्या. मी आयुक्तांना आणि आमच्या नगरसेवकांना हेच पत्र देतेय. तुमच्या एरियात कुठली इस्टेट जायच्या मार्गावर असेल तर मला सांगा, पत्राला यादी जोडायचीय.