दुसऱ्या खेपेला "अजून वेळ आहे" म्हणू नका

परवा सव्वा महिना झाला. बाळ आत्ता झोपलंय, थोरली शाळेत गेलीय, म्हणून लिहायला बसले. बरेच दिवस मनात होतं.

माझं दुसरं बाळंतपण घरात झालं. ठरवून नाही. पहिली कळ आली तेव्हा रात्रीचे २ वाजून २० मिनिटं झाली होती आणि ३ वाजून ३४ मिनिटांनी बाळ माझ्या छातीवर होतं. सव्वा तासही नाही.

आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला. माझं नाव साताऱ्याच्या एका हॉस्पिटलात घातलेलं. मिस्टर तुर्भ्याच्या मार्केटला कामाला, आमच्याकडच्या निम्म्या घरांतले पुरुष तिकडेच असतात. घरात मी, सासूबाई आणि पाच वर्षांची लेक. आषाढाचा पाऊस, लाईट संध्याकाळीच गेलेली.

थोरलीच्या वेळी मी माहेरी कराडला होते. तेव्हा कळा सुरू झाल्यापासून सुटका व्हायला १९ तास लागले होते. त्यामुळे या खेपेला सगळ्यांच्या डोक्यात तेच गणित. चार दिवस आधी तपासणीला गेले तेव्हा तिथेही विचारलं, "पहिल्याला किती वेळ लागला?" मी सांगितलं १९ तास. "मग घाबरू नका, कळा पाच मिनिटांवर आल्या की निघा." मीही मान डोलावून घरी आले.

त्या रात्री दुसरी कळ आली ती पहिलीनंतर सहा मिनिटांनी, तिसरी चार मिनिटांनी. मला तेव्हाच कळलं होतं की हे वेगळं आहे. पहिल्या वेळी कळ हळूहळू चढायची, उतरायची, मधे बोलता यायचं. ही एकदम कमरेतून धरायची आणि सोडायचीच नाही. २ वाजून ४० मिनिटांनी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "कधी सुरू झालं? वीस मिनिटं? अहो, आत्ता तर सुरू झालंय. अजून वेळ आहे, उजाडल्यावर या." मी म्हटलं, "मॅडम, मला नाही वाटत एवढा वेळ आहे." त्यावर उत्तर, "सगळ्यांना तसंच वाटतं."

हे वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही.

दहा मिनिटांत पाणी गेलं. सासूबाई गाडी बघायला शेजारी पळाल्या. आणि मला एकदम परसाकडला लागल्यासारखं झालं. भिंतीला धरून उठले, आमचा संडास अंगणापलीकडे, कंदील हातात घेतला. तेवढ्यात आमच्या आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा सेविकेला, फोन लावला होता तो उचलला गेला. मी म्हटलं, "ताई, एक मिनिट, संडासला जाऊन येते, मग बोलते." त्या अक्षरशः ओरडल्या, "जागची हलू नकोस! संडास नाही, ते बाळ आहे. खाली बस, गोधडीवर आडवी हो. मी आले."

बायांनो, ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवा. बाळाचं डोकं खाली सरकलं की ते मागच्या बाजूला दाबतं आणि हुबेहूब शौचाला लागल्यासारखं वाटतं. दिवस भरलेल्या बाईला कळा चालू असताना तसं वाटलं तर ती बाथरूममध्ये जाता कामा नये. मी त्या अंधारात, पावसात, निसरड्या अंगणात गेले असते तर काय झालं असतं, हा विचार आला की अजून हातपाय गार पडतात.

आशाताई चार घरं सोडून राहतात. भिजत आल्या, वाटेतच त्यांनी १०८ ला फोन केला होता. आल्या आल्या साबणाने हात धुतले. मला म्हणाल्या, "आता जोर लावू नको. तोंड उघड, फुंकर घाल, विस्तवावर घालते तशी." मी फुंकर घालत होते आणि शरीर माझं ऐकत नव्हतं. माझ्याकडून काही व्हायच्या आधीच ते सगळं होत होतं. दोन कळांत डोकं, तिसऱ्या कळेत अख्खं बाळ. मुलगा. लगेच रडला.

सासूबाईंनी त्यांचं जुनं मऊ लुगडं पेटीतून काढून आणलं. ताईंनी त्यानेच त्याला पुसलं, ओलं कापड बाजूला टाकलं, कोरड्यात घेऊन माझ्या उघड्या छातीवर ठेवला आणि वरून आम्हा दोघांना गोधडी. घाईच्या बाळंतपणात बाळ गार पडण्याची भीती मोठी असते, असं त्या नंतर म्हणाल्या. सासूबाईंची चारही बाळंतपणं सुईणीच्या हातची, त्या सवयीने ब्लेड शोधायला लागल्या. ताईंनी त्यांचा हात धरला. "आत्या, नाळेला हात लावायचा नाही. ओढायची नाही, कापायची नाही. गाडी येतीये." नाळ माझ्या पोटावर होती, निळसर, पिळाची, आणि बोट ठेवलं तर तिच्यात ठोके लागत होते. कंदिलाच्या उजेडात मी ते ठोके हळूहळू मंद होताना बघत होते.

३ वाजून ५५ मिनिटांनी १०८ आली. आपल्याकडे ही सेवा २०१४ पासून आहे, आणि त्या गाडीत ड्रायव्हरबरोबर डॉक्टर असतात हे मला त्या रात्रीपर्यंत माहीतही नव्हतं. डॉक्टरांनी नाळेला चिमटे लावून ती कापली, माझ्या मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं. गर्भाशय एवढ्या झपाट्याने काम करून कधीकधी सैल पडतं, आवळत नाही, मग रक्त जात राहतं. त्यासाठी ते इंजेक्शन. वार पडली ती पिशवीत घालून बरोबर घेतली, पूर्ण आलीय का ते बघायला. मग ग्रामीण रुग्णालय, तीन टाके, बाळाचं वजन २ किलो ९००. दोघं ठीक.

आता मला जे खरं बोलायचंय ते.

तीन तासांच्या आत होणाऱ्या बाळंतपणाला डॉक्टरांच्या भाषेत वेगळं नाव आहे, प्रेसिपिटेट लेबर. म्हणजे हे त्यांच्या पुस्तकात आहे. दुसऱ्या खेपेला वाट एकदा मोकळी झालेली असते, गर्भाशयाचं तोंड लवकर उघडतं, म्हणून बहुतेक बायकांना पहिल्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो, हेही पुस्तकात आहे. तरीही फोनवर मला पहिलटकरणीचा नियम सांगितला गेला. घड्याळ विचारलं, पण मला काय वाटतंय ते कोणी विचारलं नाही. मी काय सांगितलं ते ऐकलंही नाही. मेढ्याच्या वरच्या गावातून साताऱ्याला पावसात रात्री निघायला किती वेळ लागतो, तेही नाही.

त्या मॅडमवर माझा राग नाही. रात्रपाळीला असे किती फोन येत असतील. पण "सगळ्यांना तसंच वाटतं" या उत्तरावर माझा राग आहे आणि तो राहणार. ज्या बाईच्या पोटात कळ आहे तिच्याइतकं त्या क्षणी कोणालाच कळत नसतं.

दुसरी गोष्ट. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, "नशीबवान गं, पटकन सुटलीस. आम्ही दोन दोन दिवस काढले." त्या प्रेमाने म्हणतात, मला माहीत आहे. पण पटकन म्हणजे सोपं नव्हे. १९ तासांत मनाला तयार व्हायला वेळ तरी मिळाला होता. या वेळी बाळ छातीवर होतं आणि मी तासभर थडथड कापत होते, थंडीने नाही. पाचवीला सगळ्या घरात आनंद होता आणि मी कोपऱ्यात बसून रडत होते, का ते सांगता येत नव्हतं. ताई टाके बघायला आल्या तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं, "त्या रात्री लई भ्यालीस ना?" तेव्हा कुठे मोकळी झाले.

तुर्भ्याला मिस्टरांचा फोन स्पीकरवर चालू होता, हे नंतर कळलं. त्यांनी पहिलं रडणं ऐकलं आणि भाजीच्या गाड्यांच्या मधे खाली बसले, असं त्यांच्याबरोबरच्यांनी सांगितलं.

माझ्या जाऊबाईंना सातवा सरलाय. त्यांचंही दुसरं, त्या तर आमच्याही वर, खिंडीपलीकडे राहतात. कालच सासूबाई त्यांच्याकडे जाऊन आल्या. गणपती उठले की त्यांनी मेढ्यात बहिणीकडे राहायला यायचं, दवाखान्याच्या जवळ, असं ठरवूनच आल्या. दुपटी, टोपडी, कागदपत्रं यांची पिशवी भरून दारामागे लावलीय. आणि चुलीच्या वरच्या भिंतीवर सासूबाईंनी नातीकडून खडूने मोठ्ठे आकडे लिहून घेतलेत: १०८, आणि खाली आशाताईंचा नंबर.