मोजमाप फसवे की मोजण्याची रीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

बेदाणा सौद्यांचे दर दाखवणाऱ्या आमच्या ॲपमधील यादी का अडखळत होती, हे प्रोफायलर (ॲपच्या कोणत्या कामात किती वेळ जातो ते मोजणारे साधन) लावून कसे शोधले, याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण साताऱ्याहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: प्रोफायलर जोडला की ॲप आपोआप मंदावते, त्यामुळे त्याचे आकडे फसवे असतात, कोड वाचणाऱ्या अनुभवी माणसाला दोष साधनाशिवायही कळतो, लेखातील फ्रेमची (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांपैकी एकाची) सरासरी वेळ मर्यादेच्या आत असताना तक्रारीला जागाच नव्हती, आणि आताच्या वेगवान फोनवर हा खटाटोप अनाठायी आहे. यातील पहिले म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्याने माझी एक चूक उघड केली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लेखातील आकडे मी डीबग बिल्डवर, म्हणजे दोष शोधण्यासाठी बनवलेल्या ॲपच्या आवृत्तीवर, घेतले होते. अशा बिल्डमध्ये दोष शोधण्याची सोय चालू ठेवावी लागत असल्याने अँड्रॉइडला कोड वेगवान करण्याचे अनेक उपाय योजता येत नाहीत. त्यातच मी प्रत्येक फंक्शनच्या (एक ठराविक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) प्रवेशाची आणि निर्गमाची नोंद करणारी पद्धत वापरली होती. प्रत्येक नोंदीला थोडा वेळ लागतो, आणि म्हणून हजारो वेळा बोलावले जाणारे एखादे चिमुकले फंक्शन प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठे दिसते. दराच्या आकड्यांत स्वल्पविराम घालणाऱ्या फंक्शनला मी दुसऱ्या क्रमांकाचा दोषी ठरवले होते, ते यामुळेच. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी रिलीज बिल्ड (वापरकर्त्यांना मिळते ती आवृत्ती) घेतले, मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सांगणाऱ्या फाइलमध्ये) त्याला प्रोफाइल करण्याची परवानगी दिली (ही सोय अँड्रॉइड 10 पासून आहे) आणि सॅम्पलिंगने पुन्हा मोजले. ते फंक्शन इतके खाली गेले की त्याला हात लावण्याचे कारण उरले नाही. लेखातील तो परिच्छेद मी दुरुस्त केला आहे. पहिला दोषी, म्हणजे छायाचित्रे उलगडण्याचे काम, ज्याविषयी पुढे लिहितो, मात्र जागचा हलला नाही.

सॅम्पलिंगमध्ये ठराविक अंतराने फक्त एवढेच पाहिले जाते की या क्षणी कोणते फंक्शन चालू आहे. त्यातून अगदी क्षणिक कामे निसटतात, पण कोणत्या कामात किती वाटा वेळ गेला हे बऱ्यापैकी खरे कळते, आणि ॲपवर भारही कमी पडतो. पर्फेटोसारख्या साधनाने घेतलेला सिस्टिम ट्रेस, म्हणजे फोनमध्ये कोणत्या क्षणी काय चालले होते याची नोंद, वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो: थ्रेड (ॲपमधील कामांची एक स्वतंत्र रांग) प्रोसेसरवर काम करत होता, की दुसऱ्या थ्रेडने लावलेले कुलूप उघडण्याची किंवा स्टोरेजची वाट पाहत ताटकळला होता? ताटकळण्यात गेलेला वेळ प्रोसेसरच्या हिशेबात दिसतच नाही. म्हणून एका साधनाने दिलेला आकडा दुसऱ्या प्रश्नाला लावला, तर फसगत होते ती आपल्या रीतीने.

अनुभवाविषयी मला आग्रहाने लिहावेसे वाटते. दरांची यादी सरकवताना अडखळते, अशी तक्रार तासगाव आणि कवठेमहांकाळच्या बागायतदारांकडून आली, तेव्हा ज्यांनी तो कोड लिहिला त्या आम्हा दोघांचेही मत एकच पडले: डेटाबेस. ट्रेसमध्ये दिसले की डेटाबेसचे काम वेगळ्या थ्रेडवर होऊन केव्हाच संपत होते, आणि पडदा रेखाटणारा मुख्य थ्रेड अडत्यांनी पाठवलेली बेदाण्याच्या नमुन्याची छायाचित्रे उलगडत, म्हणजे दाबून साठवलेल्या फाइलमधून पुन्हा पिक्सेल तयार करत, बसला होता. 4000 बाय 3000 पिक्सेलचे एक छायाचित्र, प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट धरता, मेमरीत 4 कोटी 80 लाख बाइट घेते, आणि आम्ही ते अंगठ्याएवढ्या चौकटीत दाखवत होतो. दोन्ही बाजूंनी आठपट लहान करून उलगडले की तेच काम साडेसात लाख बाइटमध्ये भागते. कोडमध्ये ही एक साधी ओळ होती. ती आपणही वाचली असती आणि पुढे गेला असता. वजन त्या ओळीत नव्हते, तिच्यातून जाणाऱ्या मालात होते, आणि सांगलीत आमच्या टेबलावर चाचणीसाठी ठेवलेली छायाचित्रे लहान होती.

सरासरीचा मुद्दा एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमला 16.67 मिलिसेकंद मिळतात. शंभरपैकी 95 फ्रेम 8 मिलिसेकंदांत आणि 5 फ्रेम 100 मिलिसेकंदांत झाल्या, तर सरासरी 12.6 येते, म्हणजे मर्यादेच्या आत. पण माणसाच्या बोटाला ते पाच झटके जाणवतातच. म्हणून लेखात मी सरासरी देणेच चूक होते. अँड्रॉइडची जीएफएक्सइन्फो ही आज्ञा 50, 90, 95 आणि 99 व्या शतमानाचे आकडे (शंभरपैकी तितक्या फ्रेम ज्या वेळेच्या आत झाल्या ती वेळ) देते, तेच यापुढे देईन.

फोन वेगवान झाले हे खरे, पण 120 हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला 8.33 मिलिसेकंदच मिळतात. शिवाय बेदाणा शेडवर उन्हात तापलेला फोन स्वतःचा प्रोसेसर स्वतःच मंद करतो.

प्रतिक्रियेच्या शेवटी आपण आपल्या दूध संकलनाच्या ॲपचा उल्लेख केलात, की ते पहाटे पहिल्यांदा उघडताना रेंगाळते आणि म्हणून आपण सर्व्हर बदलणार आहात. तो खर्च करण्यापूर्वी संकलन केंद्रावरचाच एखादा फोन घ्या, ॲप सक्तीने बंद करून रिलीज बिल्ड आठ-दहा वेळा नव्याने उघडा, आणि प्रत्येक वेळी सिस्टिम ट्रेस घ्या. पहिली फ्रेम दिसेपर्यंत मुख्य थ्रेड नेटवर्कच्या उत्तरासाठी थांबलेला दिसला, तर पहिली दुरुस्ती ॲपमध्येच आहे, कारण जुनी यादी दाखवायला सर्व्हरची गरज नसते. आणि तो स्वतःच्याच कामात गुंतलेला दिसला, तर सर्व्हर बदलून काहीही फरक पडणार नाही. ट्रेसची फाइल मला पाठवलीत, तर मी ती आपल्याबरोबर बसून वाचेन.

आपला,
सांगली